ओटो शिली : श्टामहाइमचा वकील ते देशाचा गृहमंत्री

मृण्मयी

तुरुंगात अशिलांशी चाललेलं वकिलांचं बोलणं सरकारनेच चोरून ऐकलं होतं, हे १९७७ साली ज्या खटल्यात उघड झालं, त्या खटल्यातला एक वकील ओटो शिली. पुढे १९९८ साली लोकांच्या राहत्या घरात छुपे मायक्रोफोन बसवायची मुभा देणारी घटनादुरुस्ती जर्मनीत झाली. तिच्यासाठी समाजवादी (सोशल डेमोक्रॅटिक) पक्षातर्फे वाटाघाटी करणारे नेतेही तेच, ओटो शिली. त्याच वर्षी ते जर्मनीचे गृहमंत्री झाले आणि सात वर्षं त्या खुर्चीवर राहिले.

या माणसाबद्दल मराठीत फारसं काही वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा. माझं मत आधीच सांगते, म्हणजे चर्चेला सोपं जाईल. शिली बदलले, विकले गेले, तत्त्वं सोडली वगैरे जे सरसकट म्हटलं जातं, ते मला पटत नाही. कायद्याचं राज्य या गोष्टीवर त्यांचा विश्वास पहिल्यापासून होता आणि शेवटपर्यंत राहिला. पण त्या राज्याकडे बचावाच्या बाकावरून पाहणं त्यांनी सोडलं, आणि नुकसान झालं ते तिथे.

जन्म २० जुलै १९३२, रूर भागातल्या बोखुमचा. वडील पोलाद कारखान्यात वरच्या हुद्द्यावर. घर तत्त्वज्ञ रुडॉल्फ श्टाइनरच्या विचारांचं, पुस्तकांचं, संगीताचं. म्हणजे डाव्या चळवळीत पुढे जे आले त्यांच्यातल्या अनेकांसारखी बंडखोरीची पार्श्वभूमी यांची नव्हती. १९६३ पासून बर्लिनमध्ये वकिली. तेव्हाच्या फोटोंत भोवतीची मंडळी जीन्स, दाढी, लांब केस अशा अवतारात, आणि शिली मात्र सूट-टायमध्ये. पुढे ग्रीन पक्षाच्या बाकांवर स्वेटर विणणाऱ्यांच्या शेजारीही ते तसेच बसले.

२ जून १९६७ ला इराणच्या शहाच्या भेटीविरुद्ध पश्चिम बर्लिनमध्ये निदर्शनं झाली. कार्ल-हाइन्त्स कुरास नावाच्या पोलिसाने बेनो ओनेझोर्ग या विद्यार्थ्याला डोक्यात गोळी घालून मारलं. ओनेझोर्गच्या वडिलांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले ते शिली. कुरास निर्दोष सुटला. वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवल्यावर पुन्हा सुनावणी झाली, आणि १९७० मध्ये तो पुन्हा सुटला. (हा कुरास पूर्व जर्मनीच्या श्टाझी या गुप्तचर खात्याचा हस्तक होता, हे थेट २००९ मध्ये बाहेर आलं.) त्या पिढीच्या मनातून न्यायव्यवस्था उतरली ती इथून. काहीजणांनी बंदूक उचलली. शिलींनी काळा झगा काही उतरवला नाही.

मग रेड आर्मी फॅक्शन या सशस्त्र डाव्या संघटनेचे खटले. आधी होर्स्ट माहलर, जो स्वतः वकील होता आणि संघटनेच्या संस्थापकांपैकी एक. नंतर गुडरून एन्सलिन. १९७२ मध्ये शिलींवर आरोप आला की एन्सलिनची चिठ्ठी त्यांनी तुरुंगाबाहेर नेली, उलरिके माइनहोफपर्यंत पोचवली. त्यांना बचावातून काढून टाकण्यात आलं. ते घटना न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी १९७३ मध्ये जिंकले : वकिलाला असं काढायला कायद्यात आधारच नाही, असा निकाल लागला. संसदेने काय करावं? १९७४ संपता संपता तो आधार कायद्यात घालून टाकला.

२१ मे १९७५ ला श्टुटगार्टजवळच्या श्टामहाइम तुरुंगाला लागून खास बांधलेल्या इमारतीत आंद्रेआस बाडर, माइनहोफ, एन्सलिन आणि यान-कार्ल रास्पे यांचा खटला सुरू झाला. १९२ दिवस चालला. माइनहोफ ९ मे १९७६ ला कोठडीत मृतावस्थेत सापडली. जानेवारी १९७७ मध्ये मुख्य न्यायाधीश प्रिन्त्सिंग यांना पक्षपाताच्या कारणावरून खटल्यातून दूर व्हावं लागलं. त्यांच्याविरुद्धचा तो ८५ वा अर्ज होता. दोन महिन्यांत, मार्चमध्ये, बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या दोन मंत्र्यांना कबूल करावं लागलं की वकील-अशील यांची बोलणी चोरून ऐकली गेली. यानंतर आरोपींनी निवडलेले वकील त्या दालनात खटला चालवायला तयार नव्हते. २८ एप्रिलला उरलेल्या तिघांना जन्मठेप झाली. १८ ऑक्टोबरच्या सकाळी बाडर आणि एन्सलिन कोठडीत मृत सापडले, रास्पेने त्याच दिवशी प्राण सोडला. त्यांच्या सुटकेसाठी अपहरण केलेलं लुफ्तान्साचं विमान आदल्या रात्री सोमालियातल्या मोगादिशूला सोडवलं गेलं होतं.

इथून पुढचा प्रवास मी थोडक्यात देते, तपशील चर्चेत येतीलच. १९८० मध्ये ग्रीन पक्षाच्या स्थापनेत सहभाग, १९८३ मध्ये संसदेत, नोव्हेंबर १९८९ मध्ये पक्ष सोडून समाजवाद्यांकडे, १९९८ ते २००५ श्रोडर सरकारात गृहमंत्री.

तुमच्या मते दोन शिली आहेत की एकच?

---

सह्यकडा

वाचतोय. ग्रीन पक्षातून ते नेमके का बाहेर पडले? पर्यावरणवादी ते कधी होते का खरंच?

---

कोर्टकचेरी

ताई, उत्तम धागा. मी फौजदारी वकिली करतो, तालुक्याच्या ठिकाणी. त्यामुळे एका मुद्द्यावर जरा थांबतो.

श्टामहाइमसाठी म्हणून जे कायदे बदलले गेले, ते खटल्याच्या निकालापेक्षा जास्त महत्त्वाचे आहेत. एका आरोपीला जास्तीत जास्त तीनच वकील. एका वकिलाने एकाच गुन्ह्यातल्या दोन आरोपींचा बचाव करायचा नाही. वकिलावर संशय आला तर त्याला खटल्यातून वगळता येईल. आणि आरोपीने उपोषण करून स्वतःला उभं राहण्याच्या लायकीचं ठेवलं नाही, तर त्याच्या गैरहजेरीत खटला चालवता येईल. हे सगळं १ जानेवारी १९७५ पासून लागू, आणि सुनावणी सुरू झाली मे महिन्यात. ज्या खेळात उतरायचं त्याचे नियम दुसऱ्या बाजूने महिन्यांपूर्वी बदलून ठेवलेले. हान्स-क्रिस्टियान श्ट्रोबेले, शिलींचे सहकारी, याच तरतुदीखाली खटला सुरू होण्याआधीच बाहेर काढले गेले.

बचावपक्षाने तिथे एक मागणी केली होती, तिचा उल्लेख यायला हवा. या लोकांनी मे १९७२ मध्ये फ्रँकफर्ट आणि हायडेलबर्गच्या अमेरिकी लष्करी तळांवर बॉम्ब फोडले, चार अमेरिकी सैनिक मेले. बचावाचं म्हणणं होतं की व्हिएतनामवरच्या बॉम्बफेकीची यंत्रणा याच तळांवरून चालत होती, तेव्हा रिचर्ड निक्सनना साक्षीला बोलवा. मागणी फेटाळली गेली, ती जाणारच होती. पण वकिलाचं काम तेच असतं. अशिलाचं म्हणणं कायद्याच्या भाषेत न्यायालयासमोर मांडायचं. ते म्हणणं वकिलाचं स्वतःचं असावं लागत नाही. शिलींनी बॉम्बचं समर्थन केलं असा आरोप त्यांच्यावर आयुष्यभर झाला, तो मला अन्यायाचा वाटतो.

आपल्याकडे अशील-वकील संभाषणाला पुरावा कायद्याच्या कलम १२६ चं संरक्षण होतं, आता ते २०२३ च्या साक्ष्य अधिनियमात कलम १३२ मध्ये आहे. कोठडीतल्या आरोपीशी बोलताना हवालदार किती हातांवर उभा असतो, हा प्रश्न आम्हाला रोजचा आहे. 'दिसेल पण ऐकू येणार नाही' एवढं अंतर मागून घ्यावं लागतं, प्रत्येक वेळी. म्हणून श्टामहाइममध्ये ऐकणारी यंत्रणा सापडली हे वाचल्यावर शिली कसे पेटले असतील, ते मला समजतं. आणि म्हणूनच १९९८ समजत नाही.

---

दक्ष_नागरिक

मृण्मयी, लेख आवडला पण कल पटला नाही.

वकील असताना त्याचं उत्तरदायित्व एका माणसाशी असतं. गृहमंत्री झाल्यावर आठ कोटी माणसांशी. भूमिका बदलली की कर्तव्य बदलतं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातले मुख्य वैमानिक हॅम्बुर्गमध्ये राहत होते, तिथे शिकत होते. मोहम्मद अट्टा तिथल्या तंत्रविद्यापीठाचा विद्यार्थी. हे उघड झाल्यावर जर्मनीच्या गृहमंत्र्याने काय करायचं होतं? शिलींनी तीन-चार महिन्यांत कायद्यांचं मोठं बाड संसदेतून पार केलं, लोक त्याला 'ओटो कॅटलॉग' म्हणायचे. धर्माच्या नावाने चालणाऱ्या संघटनांना बंदीपासून जी कायदेशीर सूट होती, ती त्यांनी काढली आणि डिसेंबर २००१ मध्ये कोलोनच्या काप्लान या कट्टर इस्लामी गटावर बंदी घातली. ती सूट असती तर असे गट आरामात चालत राहिले असते.

बंदूकधाऱ्यांना ज्याने जवळून पाहिलं, त्यांच्याशी तासन्‌तास बोलला, त्याला हिंसा म्हणजे काय हे बाकीच्या मंत्र्यांपेक्षा जास्त कळत असणार. मला तरी यात सुसंगती दिसते.

---

मृण्मयी

@सह्यकडा : पर्यावरणापेक्षा शिलींना ग्रीन पक्षात रस होता तो लोकशाहीच्या नव्या प्रयोगात, असं त्यांच्या कामावरून दिसतं. १९८३ ला पक्ष ५.६ टक्के मतांवर संसदेत पोचला, तेव्हा पेट्रा केली आणि मारिलुइझे बेक यांच्याबरोबर गटाच्या प्रवक्त्यांमध्ये ते होते. त्यांचं तिथलं सगळ्यात मोठं काम म्हणजे फ्लिक प्रकरण. फ्लिक उद्योगसमूहाने १९७५ मध्ये डाइम्लरचे शेअर विकून जवळजवळ दोन अब्ज मार्क कमावले आणि करमाफी मागितली. दुसरीकडे सगळ्या प्रस्थापित पक्षांना पैसे पोचत होते. चौकशी समितीत शिली वकिलासारखेच बसले, कागद समोर ठेवून साक्षीदारांना एकेक प्रश्न विचारत. संसदेचे अध्यक्ष राइनर बार्त्सेल यांना १९८४ मध्ये पायउतार व्हावं लागलं. १९८६ मध्ये शिलींनी थेट चॅन्सेलर हेल्मुट कोल यांच्याविरुद्ध खोटी साक्ष दिल्याची फिर्याद दाखल केली. तपास पुढे थांबवण्यात आला, पण कोलच्या पक्षाच्याच सरचिटणीसाला दूरचित्रवाणीवर सांगावं लागलं की साक्षीच्या वेळी चॅन्सेलरना बहुधा 'ब्लॅकआउट' झाला असावा.

त्याच वर्षी पक्षाच्या नियमाप्रमाणे खासदारकी मध्यावर सोडून दुसऱ्याला द्यावी लागली. १९८७ ला ते परत निवडून आले, पण सत्तेत जायचं की नाही, बळाचा वापर फक्त राज्यसंस्थेनेच करायचा हे तत्त्व निःसंदिग्धपणे मानायचं की नाही, यावर पक्षातल्या कडव्या गटाशी त्यांचं कधीच जमलं नाही. शेवटी १९८९ ला बाहेर.

@दक्ष_नागरिक : कर्तव्य बदलतं, मान्य. पण घरात मायक्रोफोन बसवण्याची ती घटनादुरुस्ती २००१ च्या हल्ल्याच्या तीन वर्षं आधीची आहे. तेव्हा कारण दिलं होतं संघटित गुन्हेगारीचं. याच मुद्द्यावर लिबरल पक्षाच्या न्यायमंत्री झाबिने लॉइथॉयसर-श्नारेनबर्गर यांनी राजीनामा दिला होता, मंत्रिपद सोडलं. घटनादुरुस्तीला दोन-तृतीयांश मतं लागतात, म्हणजे विरोधातल्या समाजवाद्यांशिवाय ती होऊच शकत नव्हती. तो होकार जुळवण्यात शिली पुढे होते.

३ मार्च २००४ ला घटना न्यायालयाने त्या आधारावर केलेल्या कायद्याचा मोठा भाग घटनाबाह्य ठरवला. माणसाच्या खाजगी आयुष्याचा एक गाभा असतो, घरात नवरा-बायको, जवळची माणसं जे बोलतात तिथे राज्यसंस्थेने कान लावायचाच नाही, तपासाची गरज कितीही मोठी असली तरी. तसं बोलणं सुरू झालं की यंत्र बंद करायचं. मला वाटतं, १९७७ चे शिली असते तर अगदी हाच युक्तिवाद त्यांनी केला असता.

---

दक्ष_नागरिक

त्या तडजोडीत पाद्री, खासदार आणि बचावाचे वकील यांच्या बोलण्याला पहिल्यापासून सूट होती. म्हणजे श्टामहाइम ते विसरले नव्हते. एवढं तरी त्यांच्या खात्यावर जमा करा.

---

कोर्टकचेरी

करतो ना जमा. पण बघा, वकिलाशी बोलणं सुरक्षित आणि बायकोशी बोलणं उघडं. आपल्या पेशाचं तेवढं राखलं.

---

घटनाविचार

चर्चेत एक भारतीय धागा जोडतो, कारण संबंध खराखुरा आहे.

२००४ च्या त्या निकालात न्यायालयापुढे दुसराही प्रश्न होता : कायदा तर घटनाबाह्य, पण मुळातली घटनादुरुस्तीच घटनाबाह्य आहे का? जर्मन घटनेच्या अनुच्छेद ७९(३) प्रमाणे मानवी प्रतिष्ठेसारखी काही तत्त्वं दोन-तृतीयांश मतांनीही बदलता येत नाहीत. बहुमताने दुरुस्ती वाचवली, तिचा अर्थ आवळून. दोन महिला न्यायाधीशांनी मात्र भिन्नमत नोंदवलं की दुरुस्तीच टिकत नाही.

हीच कल्पना भारतात आली ती हायडेलबर्गचे प्राध्यापक डीट्रिश कॉनराड यांच्यामार्फत. १९६५ मध्ये त्यांनी बनारस हिंदू विद्यापीठात घटनादुरुस्तीच्या अध्याहृत मर्यादांवर व्याख्यान दिलं. ते आधी गोलकनाथ खटल्यात वकिलांच्या हाती लागलं आणि पुढे केशवानंद भारती खटल्यात आपल्या मुंबईच्या नानी पालखीवालांनी घटनेच्या मूलभूत चौकटीचा युक्तिवाद उभा केला. २४ एप्रिल १९७३ चा सात विरुद्ध सहा असा निकाल सगळ्यांना ठाऊक आहे. न्यायमूर्ती खन्नांच्या निकालपत्रात कॉनराड यांचा दाखला आहे.

शिलींच्या बाबतीत मला हे लक्षणीय वाटतं की १९७३ मध्ये ते स्वतः घटना न्यायालयात जाऊन जिंकले, आणि मंत्रिपदाच्या काळातलं त्यांचं काम तेच न्यायालय एकामागून एक रद्द करत गेलं. २००५ चा हवाई सुरक्षा कायदा घ्या. अपहृत प्रवासी विमान शस्त्र म्हणून वापरलं जात असेल तर ते पाडायची परवानगी त्यात होती. १५ फेब्रुवारी २००६ ला न्यायालयाने सांगितलं, विमानातल्या निरपराध प्रवाशांचे जीव जमिनीवरच्यांसाठी मोजून खर्ची टाकता येणार नाहीत, माणूस हे साधन नाही. त्या याचिकेमागे गेरहार्ट बाउम आणि बुर्कहार्ड हिर्श, दोघेही वकील. यातले बाउम तर स्वतः माजी गृहमंत्री, तेही १९७८ ते १९८२ या काळातले, म्हणजे दहशतीचं सावट ताजं असतानाचे. तेव्हा गृहमंत्री झालं की असंच वागावं लागतं, हे म्हणणं टिकत नाही.

---

दक्ष_नागरिक

बाउमांचा मुद्दा चांगला आहे. यावर विचार करतो.

---

राईनकाठ

मी २००० नंतर पुण्याहून इकडे आलेल्यांपैकी. इथे शिलींबद्दल बोलताना सुरक्षा कायद्यांवरच गाडी अडते, पण आम्हा परदेशातून आलेल्यांच्या रोजच्या आयुष्यावर त्यांची जी छाप आहे ती वेगळीच आहे.

१ जानेवारी २००० पर्यंत जर्मन नागरिकत्व मुख्यतः रक्ताच्या नात्यावर ठरायचं, १९१३ च्या कायद्याने. इथे जन्मलेली, इथेच शाळेत गेलेली, फक्त जर्मनच नीट बोलू शकणारी तुर्की मजुरांची मुलं कागदोपत्री परकीच. शिलींच्या कायद्याने पहिल्यांदा म्हटलं की आई-बापांपैकी एकजण आठ वर्षं कायदेशीर राहत असेल तर इथे जन्मलेलं मूल जन्मतःच जर्मन. मोठ्यांसाठी नागरिकत्वाचा हक्क मिळायची अट पंधरावरून आठ वर्षांवर आली. दुहेरी नागरिकत्वही मूळ मसुद्यात होतं. पण रोलँड कोख यांनी हेसेन राज्यात त्याविरुद्ध सह्यांची मोहीम काढली, फेब्रुवारी १९९९ ची निवडणूक जिंकली आणि सरकारचं राज्यांच्या सभागृहातलं बहुमत गेलं. मग मुलांनी तेविसाव्या वर्षापर्यंत एक पासपोर्ट निवडायचा, अशी तडजोड झाली. ती तडजोड पुढे एका अख्ख्या पिढीला जाचली. दुहेरी नागरिकत्व सगळ्यांसाठी खुलं झालं ते थेट जून २०२४ मध्ये. (आपल्याला त्याचा उपयोग नाही, भारतीय नागरिकत्व सोडावंच लागतं.)

त्याच सुमारास, ऑगस्ट २००० पासून, संगणक क्षेत्रातल्यांसाठी ग्रीन कार्ड आलं. वीस हजारांची मर्यादा, पदवी नसेल तर वर्षाला लाख मार्क पगाराची अट, मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियाच्या निवडणुकीत विरोधी उमेदवार युर्गन र्युटगर्स यांच्या प्रचाराची 'किंडर श्टाट इंडर' ही घोषणा गाजली, म्हणजे भारतीय आणण्यापेक्षा मुलं घडवा. ऑफिसातले जर्मन सहकारीच आमच्यापुढे त्या घोषणेने ओशाळायचे. ते हरले ती निवडणूक.

मग स्थलांतर कायदा. शिलींनी इथे चाणाक्षपणा केला. आयोग नेमला आणि अध्यक्षपद विरोधी पक्षाच्या रिटा झ्युसमुट यांना दिलं. २२ मार्च २००२ ला राज्यांच्या सभागृहात मतदान होतं. ब्रँडेनबर्गच्या मतांवर सगळं अडलेलं. घटनेप्रमाणे राज्याने आपली सगळी मतं एकाच बाजूने द्यायची, पण तिथे आघाडी सरकार. एक मंत्री 'हो' म्हणाले, दुसरे, श्योनबोम, 'नाही'. अध्यक्षस्थानी बर्लिनचे क्लाउस वोवेराइट. त्यांनी मुख्यमंत्री मानफ्रेड श्टोल्पेंना पुन्हा विचारलं. श्टोल्पे 'हो' म्हणाले. श्योनबोम म्हणाले, माझं मत तुम्हाला ठाऊक आहे. वोवेराइट यांनी 'हो' धरलं आणि सभागृहात एकच गदारोळ उडाला. १८ डिसेंबरला घटना न्यायालयाने निकाल दिला : राज्याने एकमुखी मत दिलंच नव्हतं, कायदा रद्द. सगळं पहिल्यापासून. अखेर तडजोडीचा कायदा १ जानेवारी २००५ ला लागू झाला. नव्याने येणाऱ्यांसाठी सहाशे तासांचे सरकारी जर्मन वर्ग आणि वर तीस तास इतिहास-कायदा, हे तिथून सुरू झालं. माझ्या बायकोने त्याच वर्गात जर्मन शिकून पुढे इथे नोकरी धरली. तिच्या वर्गात सीरियातले, युक्रेनचे, ब्राझीलचे लोक एका बाकावर होते.

जर्मनी हा स्थलांतरितांचा देश आहे, हे कायद्यात उतरवणारा माणूस म्हणून मला शिलींबद्दल कृतज्ञता आहे. आणि तरीही एक गोष्ट मी त्यांना माफ करू शकत नाही. ९ जून २००४ ला कोलोनच्या कॉइपश्ट्रासेवर खिळ्यांचा बॉम्ब फुटला. तुर्की दुकानांची गल्ली, केशकर्तनालयासमोर सायकलवर ठेवलेला बॉम्ब, बावीस जखमी. दुसऱ्याच दिवशी गृहमंत्री शिली म्हणाले की हाती आलेल्या माहितीवरून यात दहशतवाद दिसत नाही, गुन्हेगारी वर्तुळातलं प्रकरण दिसतं. त्यानंतर कित्येक वर्षं पोलीस त्या गल्लीतल्या दुकानदारांनाच संशयित म्हणून उलटेसुलटे प्रश्न विचारत राहिले. नोव्हेंबर २०११ मध्ये उघड झालं की बॉम्ब नवनाझी टोळीचा होता, ज्या टोळीने देशभर दहा खून केले. २०१२ मध्ये शिलींनी ती गंभीर चूक होती असं मान्य केलं.

---

मृण्मयी

@राईनकाठ, इतकं तपशिलाने लिहिल्याबद्दल मनापासून आभार. कॉइपश्ट्रासे माझ्या लेखात यायला हवी होती इतकी महत्त्वाची आहे. ज्याने वकील म्हणून पोलिसांच्या पहिल्या निवेदनावर कधी विश्वास ठेवला नसता, त्याने मंत्री म्हणून एका दिवसात ते निवेदन स्वतःच्या तोंडाने केलं. खालेद अल-मसरी प्रकरणही याच जातीचं. हा जर्मन नागरिक मॅसिडोनियात पकडला गेला, सीआयएने त्याला अफगाणिस्तानात डांबलं, आणि मे २००४ मध्ये अमेरिकेच्या राजदूतांनी 'माणूस चुकला' हे शिलींना खाजगीत सांगितलं. शिली गप्प राहिले. एका अशिलासाठी सगळ्या देशाशी भांडणारा माणूस हा!

---

सह्यकडा

माहलर आणि श्ट्रोबेले यांचं पुढे काय झालं?

---

मृण्मयी

माहलरचा प्रवास वाचताना मला फार अस्वस्थ वाटलं. चौदा वर्षांची शिक्षा, १९८० मध्ये सुटका. वकिलीची सनद परत मिळावी म्हणून त्याचा खटला लढवला हॅनोव्हरच्या गेरहार्ड श्रोडर नावाच्या वकिलाने, १९८७ मध्ये जिंकलाही. हेच श्रोडर पुढे चॅन्सेलर. माहलर मात्र तोवर उलट्या टोकाकडे निघाला होता. २००० मध्ये अतिउजव्या एनपीडी पक्षात गेला, ज्यूंच्या हत्याकांडाला नाकारत राहिला, त्यासाठी पुन्हा तुरुंगात गेला. २००१ मध्ये गृहमंत्री शिलींनी एनपीडीवर बंदीसाठी घटना न्यायालयात धाव घेतली, तेव्हा पक्षाचा वकील कोण? माहलर. तीस वर्षांपूर्वीचा अशील समोरच्या बाकावर. मार्च २००३ मध्ये खटला बारगळला, कारण गुप्तचर खात्याचे खबरे पक्षाच्या नेतृत्वातच बसलेले निघाले. कुठलं म्हणणं पक्षाचं आणि कुठलं सरकारी खबऱ्याचं, हे वेगळं करता येईना. न्याय्य सुनावणीचा मूलभूत नियम तिथे आडवा आला आणि तो आडवा यायलाच हवा होता.

श्ट्रोबेलेंना स्वतःला शिक्षा झाली, कैद्यांमध्ये निरोपांची देवघेव चालवल्याबद्दल. अपिलात ती दहा महिन्यांवर आली, तीही स्थगित. त्यांनी भूमिका कधी बदलली नाही.

---

जुनेपान

एक भाषण इथे नोंदवून ठेवतो. १३ मार्च १९९७, बुंडेस्टाग म्हणजे जर्मन संसद. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैन्याच्या गुन्ह्यांवरच्या प्रदर्शनावरून चर्चा चालू होती. उजवीकडचे म्हणत होते, ही आपल्या बापजाद्यांची बदनामी आहे. शिली बोलायला उभे राहिले आणि घरच्यांविषयी बोलू लागले. काका हवाईदलात अधिकारी, हिटलरच्या गुन्ह्यांनी हताश होऊन युद्धाच्या शेवटी मृत्यूलाच सामोरे गेलेले. भाऊ रशियात जबर जखमी. वडील नाझींचे विरोधक, तरी लष्करात बोलावलं नाही याचा त्यांना कमीपणा वाटला. आणि चौथे सासरे, जिंद्रिख खायमोविच, ज्यू, रशियात जर्मन सैन्याविरुद्ध लढलेले. शिलींचा आवाज फुटेना, रडू आवरेना, थांबत थांबत त्यांनी वाक्य पुरं केलं : या चौघांपैकी न्याय्य गोष्टीसाठी जीव पणाला लावणारे तेवढे एकटेच.

मला वाटतं, हा माणूस समजायचा तर सुरक्षा कायद्यांइतकंच हे भाषणही धरायला हवं.

---

दक्ष_नागरिक

भाषण माहीत नव्हतं. धन्यवाद काका.

माझी भूमिका थोडी आवरतो. मायक्रोफोन आणि विमान, या दोन्ही ठिकाणी न्यायालय बरोबर होतं असं आता वाटतं. पण श्ट्रोबेलेंना मखरात बसवायला माझी तयारी नाही. जो कधीच मंत्री झाला नाही, त्याला निर्मळ राहणं सोपं असतं. त्यांनी नेमकं केलं काय?

---

राईनकाठ

केलं ना. २००१ मध्ये अफगाणिस्तानात सैन्य पाठवायला विरोध केला, आपलंच सरकार पणाला लागलेलं असताना. २००२ ला पक्षाने यादीत सुरक्षित जागा दिली नाही, तर सायकलवर फिरून बर्लिनच्या क्रॉइत्सबर्ग-फ्रीड्रिशहाइन भागातून थेट निवडून आले. ग्रीन पक्षाचा थेट मतदारसंघातून जिंकलेला देशातला पहिला खासदार. पुढे २००५, २००९ आणि २०१३ लाही तिथूनच. ऑक्टोबर २०१३ मध्ये मॉस्कोला जाऊन अमेरिकेची हेरगिरी उघड करणाऱ्या एडवर्ड स्नोडेनला भेटले, वय तेव्हा चौऱ्याहत्तर. गुप्तचर खात्यांवर लक्ष ठेवणाऱ्या संसदीय समितीत वर्षानुवर्षं बसले, आणि शिली गृहमंत्री असताना त्यांच्या खात्याला तिथे सगळ्यात टोकदार प्रश्न विचारणाऱ्यांत हे होते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये गेले.

मृण्मयी, त्यांच्यावर वेगळा धागा काढा. क्रॉइत्सबर्गमध्ये राहणारी आपली दोन-तीन मराठी कुटुंबं ओळखीची आहेत, त्यांनाही लिहायला सांगतो.

---

मृण्मयी

काढते. तोवर घटनाविचार यांनी २००४ च्या त्या दोन भिन्नमतांवर सविस्तर लिहावं अशी विनंती आहे, मला ती मुळातून समजून घ्यायची आहेत.